गादीवरून दुसऱ्याच्या दुकानात

सांगली, बार्शी किंवा लातूरच्या बाजारपेठेत हार्डवेअरचे एखादे जुने दुकान हमखास आढळते. दर्शनी भागात रंगाचे डबे, मागे खिळ्यांची पोती, भिंतीवर बिजागऱ्या आणि कडी-कोयंड्यांचे नमुने, छताला टांगलेले दोरखंड, आणि या सर्वांच्या मधोमध पांढऱ्या चादरीची गादी. गिऱ्हाइकाने मोडका तुकडा पुढे केला की गादीवरचा माणूस तो हातात फिरवून पाहतो आणि जागचा न उठता नोकराला खण सांगतो. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे अशाच गादीच्या आधाराने उभी राहिली. मुले शिकली ती त्याच गल्ल्यावर, आणि परदेशी गेली तीही त्याच गल्ल्याच्या बळावर.

त्यातलाच एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. वय साठीच्या आसपास. मुलगा अमेरिकेचा नागरिक झालेला. एकवीस वर्षांवरील नागरिकाला आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो आणि त्यावर वार्षिक संख्येची मर्यादा नसते. त्या वाटेने अण्णा आणि त्यांच्या सौभाग्यवती न्यू जर्सीत येऊन पोहोचलेल्या. दुकान धाकट्या भावाकडे सोपवलेले. सकाळी मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, आणि दुपारभर घर निःशब्द. अशाच एका रविवारी नळाचा वायसर घ्यायला मुलाबरोबर अण्णा एका प्रचंड दुकानात जातात. छतापर्यंत चढलेल्या फळ्या, लाकडाचा परिचित वास, नारिंगी एप्रन घातलेली माणसे. त्यांतले काही केस अण्णांच्याच इतके पांढरे. परतताना गाडीत ते विचारतात, "येथे मला काम मिळेल का?"

गाडीत काही काळ कोणी बोलत नाही. मग मुलगा म्हणतो, "अण्णा, तुम्हाला काय कमी आहे?" मागच्या आसनावरून हळूच आवाज येतो, "गावाकडे कळलं तर लोक काय म्हणतील?"

परदेशस्थ घरांत हा प्रश्न आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. त्याला 'नको' किंवा 'चालेल' असे एका शब्दाचे उत्तर पुरत नाही. गादी सोडून दुसऱ्याच्या दुकानात उभे राहताना काय मागे टाकावे लागते आणि काय बरोबर नेता येते, याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

दुकान केवढे आणि कोणाचे

घरदुरुस्तीच्या सामानाची अशी दुकाने अमेरिकेत सर्वत्र आहेत. त्यांतील सर्वांत मोठी कंपनी होम डेपो. त्यानंतर लोज, जिची मुळे १९२१ साली नॉर्थ कॅरोलिनातील एका लहान गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात आहेत. होम डेपोची अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून २,३०० हून अधिक दुकाने असून कर्मचाऱ्यांची संख्या साडेचार लाखांच्या पुढे आहे. एका दुकानाचे सरासरी क्षेत्रफळ सुमारे १,०५,००० चौरस फूट. आपल्या मोजणीने सांगायचे तर जवळजवळ दोन एकर सोळा गुंठे, आणि तेही बाहेरचा रोपवाटिकेचा भाग सोडून.

या दोन एकरांच्या मालकीची कथा मात्र बेकारीपासून सुरू होते. १९७८ साली बर्नार्ड मार्कस आणि आर्थर ब्लँक या दोघांना हार्डवेअरच्याच एका कंपनीतून काढून टाकण्यात आले. मार्कस तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. ते रशियातून आलेल्या स्थलांतरित आईवडिलांचे पुत्र, आणि वडील सुतारकाम करणारे. पुढच्याच वर्षी, २२ जून १९७९ रोजी, या दोघांनी अटलांटा शहरात पहिली दोन दुकाने उघडली. माल कमी आणि फळ्या उंच; दुकान भरलेले दिसावे म्हणून रिकामी खोकी रचून ठेवावी लागली होती. ज्याने नवे दुकान थाटले आहे त्याला ही युक्ती परकी वाटणार नाही. मार्कस २०२४ च्या नोव्हेंबरात निवर्तले.

या दुकानांनी आरंभापासून एक धोरण धरले. गिऱ्हाइकाला वस्तू विकायची तर ती कशी बसवायची हेही त्याला सांगता आले पाहिजे. त्यासाठी नळकाम, वीजकाम, सुतारकाम जाणणारी माणसे नोकरीत घेतली गेली. अण्णांसारख्या माणसाला तेथे जागा असू शकते, ती याच कारणाने.

चाळीस क्रेडिटांचा हिशेब

"तुम्हाला काय कमी आहे?" या मुलाच्या प्रश्नात प्रेम आहे, परंतु त्याचे एक कोरडे उत्तरही आहे. अमेरिकेत वृद्धापकाळाची पेन्शन आणि मेडिकेअर हा आरोग्यविमा कामाच्या नोंदीशी जोडलेला आहे. नोंदणीकृत मिळकतीवर क्रेडिटे जमा होतात. वर्षाला जास्तीत जास्त चार. २०२५ साली १,८१० डॉलर मिळकतीला एक क्रेडिट असा दर होता, म्हणजे वर्षभरात ७,२४० डॉलर मिळाले की चारही क्रेडिटे पदरात पडत. अशी चाळीस जमली, म्हणजे साधारण दहा वर्षे झाली, की मासिक पेन्शनचा हक्क निर्माण होतो आणि मेडिकेअरचा रुग्णालयीन भाग हप्त्याविना मिळतो.

काम न केलेल्या ग्रीन कार्डधारकालाही पासष्टीनंतर आणि सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर तो विमा घेता येतो, परंतु त्याचा मासिक हप्ता स्वतः भरावा लागतो आणि तो थोडका नसतो. एकाच्या चाळीस क्रेडिटांवर पासष्टी ओलांडलेल्या जोडीदारालाही हा भाग सामान्यतः हप्त्याविना मिळू शकतो, हे विशेष.

होम डेपोने २०२३ साली आपले किमान वेतन ताशी १५ डॉलर केल्याचे जाहीर केले. संघराज्याचे कायदेशीर किमान वेतन मात्र २००९ पासून ७.२५ डॉलरवरच थांबलेले आहे. ताशी १५ डॉलरने आठवड्याला सोळा तास काम केले तरी वर्षाची मिळकत १२,००० डॉलरच्या वर जाते. चार क्रेडिटांना ती पुरून उरते. म्हणजे अर्धवेळ उभे राहून अण्णा सत्तरीपर्यंत स्वतःची आणि पत्नीची आरोग्याची तरतूद करू शकतात. मुलाच्या घरातील त्यांची वागणूक त्याने बदलणार नाही, परंतु एखाद्या शस्त्रक्रियेच्या दिवशी मुलाच्या खांद्यावरचे ओझे खात्रीने हलके होईल.

आधी कागद

मात्र या दाराशी जाण्यापूर्वी काम करण्याची परवानगी आहे का, हे पाहावे लागते. ग्रीन कार्डधारकाला अडचण नाही. विद्यार्थी म्हणून आलेल्या मुलामुलींना मात्र विद्यापीठाच्या आवाराबाहेर विशेष मंजुरीविना अशी नोकरी करता येत नाही. चार पैशांच्या मोहाने केलेली नोकरी पुढचा सारा मुक्काम धोक्यात घालते. एच-१बी व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांपैकी काहींना २०१५ पासून स्वतंत्र परवान्यावर काम करता येते. तो परवाना हाती नसेल तर नाही. पर्यटक व्हिसावर नातवंडांना भेटायला आलेल्या आजी-आजोबांना तर अजिबात नाही.

नोकरी ठरली की आय-९ नावाचा अर्ज भरावा लागतो. आपला भाग कर्मचाऱ्याने पहिल्या दिवसापर्यंत भरायचा आणि मालकाने तीन कामकाजी दिवसांत मूळ कागदपत्रे पाहायची. कोणती कागदपत्रे दाखवायची याची यादी ठरलेली आहे आणि त्या यादीतून निवड कर्मचाऱ्याने करायची असते. 'अमुकच दाखवा' असा आग्रह मालकाला धरता येत नाही. ही बारीक गोष्ट नवख्या माणसाने ध्यानात ठेवावी.

कागदाचे मोल काय, हे त्याच दुकानाच्या वाहनतळावर कळते. अनेक शहरांत अशा दुकानांच्या बाहेर भल्या पहाटेपासून रोजंदारीची माणसे उभी असतात. त्यांतील बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली. मुंबईत नाक्यावर कामगार उभे राहतात तशीच. रंगाचे डबे किंवा फरश्या घेऊन निघालेला एखादा ठेकेदार गाडी थांबवतो, बोटे दाखवून भाव ठरतो आणि दोघे-तिघे मागे चढतात. २०२५ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिस परिसरात अशा वाहनतळांवर स्थलांतर खात्याच्या धाडी पडल्या. हातातील कौशल्य आतल्या माणसाच्या तोडीचे असूनही कागदाअभावी माणूस दाराबाहेर राहतो. आत जाणाऱ्याने त्यांच्याकडे पाहून नाक मुरडू नये. आपल्या आधीची पिढीही कोणत्या ना कोणत्या गावात उपरीच होती.

अर्ज, हंगाम आणि मुलाखत

आपल्याकडे हार्डवेअरचा हंगाम पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या तोंडावर. तिकडे तो वसंत ऋतूत असतो. बर्फ वितळले की माणसे अंगणाकडे आणि छपराकडे वळतात, त्यामुळे या कंपन्यांची मोठी भरती हिवाळ्याच्या अखेरीस सुरू होते. होम डेपोने पूर्वी एकेका वसंतात ८०,००० पर्यंत माणसे घेण्याची घोषणा केलेली आहे. जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज केला तर संधी अधिक. नाताळनंतर लगेच तयारी करावी.

अर्ज संगणकावरूनच करायचा असतो. दुकानात जाऊन व्यवस्थापकाला भेटले तरी उत्तर तेच मिळते. अर्जात कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी येऊ शकाल हे विचारलेले असते, आणि निवड बरीचशी तेथेच ठरते. शनिवार-रविवार गर्दीचे दिवस. ते मोकळे ठेवणाऱ्याला प्राधान्य मिळते. कामाचे प्रकारही अनेक. पैसे घेण्याचे काम, वाहनतळावरून ढकलगाड्या गोळा करण्याचे, रात्री माल फळ्यांवर चढवण्याचे, रंग मिसळून देण्याचे, आणि लाकूड, नळ, वीज, रोपे अशा विभागांत गिऱ्हाइकाला मार्ग दाखवण्याचे. 'कोणतेही काम चालेल' असे लिहिणाऱ्यापेक्षा विभागाचे नाव लिहिणारा लवकर लक्षात राहतो.

अण्णांची येथे एक जुनी सवय आड येते. स्वतःविषयी बोलणे त्यांना अप्रशस्त वाटते. 'दुकान सांभाळले' एवढेच ते लिहितात. त्या दोन शब्दांमागे खरेदी, साठ्याची नोंद, उधारीची वसुली, सहा नोकरांचे वेळापत्रक आणि तीन भाषांतील ग्राहक दडलेले असतात. हे सारे स्पष्ट लिहिण्यात आत्मस्तुती नाही. मुलाखतीत बहुधा असे विचारतात : चिडलेल्या ग्राहकाला तुम्ही कधी सांभाळलेत, ते सांगा. पेरणीच्या दिवसांत पाण्याच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह सदोष निघाला म्हणून तणतणत आलेल्या शेतकऱ्याला ज्याने आधी पाणी दिले, मग नवा व्हॉल्व्ह दिला आणि हिशेब कंपनीशी नंतर केला, त्याच्यापाशी उत्तर तयारच आहे. ते प्रसंगासह, क्रमाने आणि साध्या इंग्रजीत सांगण्याचा सराव नातवंडांसमोर करावा. नातवंडांनाही आजोबांचे दुकान त्यानिमित्ताने प्रथमच कळेल.

वयाची भीती बाळगू नये. चाळीस वर्षांवरील उमेदवाराला केवळ वयामुळे नाकारू नये, असा कायदा तेथे १९६७ पासून आहे. शरीराचा विचार मात्र प्रामाणिकपणे करावा. सिमेंटच्या फरशीवर पाळीभर उभे राहायचे असते आणि वजनही उचलावे लागते. काँक्रीट मिश्रणाची मोठी पिशवी ८० पौंडांची, म्हणजे सुमारे ३६ किलोची असते. गुडघे कुरकुरत असतील तर लाकडाच्या विभागापेक्षा रंगाचा किंवा विजेचा विभाग मागावा.

सूत आणि इंच

हार्डवेअर जाणणारा माणूस तेथे पहिल्या दिवशी हरखतो आणि दुसऱ्या दिवशी गोंधळतो. हरखण्याचे कारण मोजमाप. आपल्या बाजारात सरकारी हिशेब मिलिमीटरचा असला, तरी मिस्त्री अजून इंच आणि सूत बोलतो. आठ सुतांचा एक इंच. अमेरिकेतही व्यवहार इंचाचाच, आणि इंचाचे भाग आठात व सोळात. अर्ध्या इंचाचा जिप्समचा तक्ता म्हणजे चार सूत, हे अण्णांना सांगावे लागत नाही. तरुण सहकारी टेपावरच्या रेघा मोजत असतो तेव्हा यांचे उत्तर झालेले असते.

गोंधळ होतो तो नावांचा. 'टू बाय फोर' म्हणून विकली जाणारी लाकडी पट्टी दोन इंच बाय चार इंच नसते. रंधून वाळलेली ती पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच, म्हणजे बारा सूत बाय अठ्ठावीस सूत भरते. खिळ्यांची लांबी 'पेनी'त सांगतात. दहा पेनीचा खिळा तीन इंचांचा, सोळा पेनीचा साडेतीनाचा. रंग लिटरवर न मिळता गॅलनवर मिळतो, आणि त्यांचा एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरांहून किंचित अधिक. विजेचा दाब आपल्या २३० व्होल्टच्या जागी १२०. आणि सर्वांत मोठा फरक भिंतीचा. आपली भिंत विटांची. तेथील घरांत सामान्यतः सोळा-सोळा इंचांवर उभे वासे आणि त्यांवर जिप्समचे तक्ते, मधे पोकळी. त्यामुळे आरसा टांगायला खिळा मागणाऱ्याला आधी विचारावे लागते की वासा सापडला आहे, की पोकळीत बसणारा वेगळा अँकर हवा आहे.

पस्तीस वर्षांचे ज्ञान येथे निम्मे उपयोगी पडते आणि निम्मे आड येते. जो 'आमच्याकडे असे नसते' एवढे म्हणून थांबतो तो मागे राहतो. जो खिशात वही ठेवून रोज पाच वस्तूंची नावे उतरवतो, तो तीन महिन्यांत तयार होतो. गादीवर बसलेल्या माणसाने विशीतल्या सहकाऱ्याकडून शिकणे हे वजनदार पिशव्या उचलण्यापेक्षा अवघड काम आहे.

विषाची फळी

एक गोष्ट मात्र वही ठेवून सुटत नाही. दुकानाच्या रोपांच्या विभागात कीटकनाशके असतात. जवळच्या रांगेत उंदरांचे विष, चिकट सापळे आणि किडे जाळणारे विजेचे दिवे. श्रावकाचाराच्या ग्रंथांत वर्ज्य मानलेल्या पंधरा व्यवसायांत विषवाणिज्याची गणना आहे. गावाकडे अण्णांनी उंदराचे औषध दुकानात कधी ठेवले नाही. विक्री गेली, शेजारच्या दुकानदाराची झाली, पण निर्णय त्यांचा होता. येथे फळी दुसऱ्याची आणि तिच्यावर काय ठेवायचे हेही दुसऱ्याचे. मालकाचा नोकर होताना माणूस खरोखर काही गमावत असेल, तर ते हेच : 'हे मी विकणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार.

तो अधिकार पूर्ण परत मिळत नाही. त्याचा काही अंश मागून मिळू शकतो. पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने धर्माचरणासाठी वाजवी सवलत द्यावी, असे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आहे. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रॉफ विरुद्ध डीजॉय या खटल्यात स्पष्ट केले की किरकोळ गैरसोय हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. व्यवसायावर लक्षणीय जादा भार पडतो हे मालकाने दाखवले पाहिजे. परंतु हे सारे मागितल्यावर. मुलाखतीत धर्म विचारला जात नाही, तेव्हा अडचण सांगण्याचे काम आपलेच. नोकरी देऊ केल्यानंतर आणि विभाग ठरण्यापूर्वी शांतपणे सांगावे, शक्य तर लेखी द्यावे : रोपे आणि औषधांच्या विभागाऐवजी रंग, वीज किंवा नळांच्या विभागात नेमावे.

दुसरी अडचण सूर्यास्ताची. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्यास न्यू जर्सीचा जून सोपा; सूर्य साडेआठपर्यंत असतो. डिसेंबरात तो साडेचारलाच मावळतो, आणि दुपारी दोन ते रात्री दहाची पाळी लागली की जेवणाची सुट्टी सूर्यास्तानंतर येते. प्रौढ कर्मचाऱ्यांना जेवणाची सुट्टी देणे संघराज्याच्या कायद्याने सक्तीचे नाही. राज्याराज्यांत नियम वेगळे. म्हणून हिवाळ्यात सकाळची पाळी किंवा चारच्या आतली सुट्टी आधीच मागून ठेवावी. पर्युषण आणि दशलक्षणाच्या तारखा पंचांगातून पाहून दोन महिने अगोदर कळवाव्यात. आयत्या वेळी रजा मागणाऱ्याची अडचण कोणत्याही दुकानात होते, आणि हे अण्णांना कोणी शिकवावे असे नाही. त्यांनी स्वतः कितीदा अशा रजा दिल्या आणि नाकारल्याही असतील.

पाटी आणि नाव

आता उरला मागच्या आसनावरचा प्रश्न, लोक काय म्हणतील. गावाकडच्या पाटीवर आडनाव ठसठशीत होते आणि त्याखाली 'आणि सन्स'. बाजारात कोणी त्यांना नुसत्या नावाने हाक मारत नसे; अण्णा, शेठ, नाहीतर काका. होम डेपोच्या नारिंगी एप्रनवर आडनाव लिहीत नाहीत. पहिले नाव, तेही ज्याचे त्याने जाड पेनाने लिहायचे. नातवाच्या वयाची मुलगी त्याच नावाने हाक मारते आणि त्यात तिला काही वावगे वाटत नाही. प्रथम ते कानाला टोचते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु गादीवर असताना अण्णा दिवसभर जे करीत, ते तेथेही तेच असते. कोणीतरी मोडका तुकडा घेऊन येतो, त्याला त्याचे नाव ठाऊक नसते, आणि घरी पाणी गळत असते. तो तुकडा हातात घेऊन फिरवायचा, कुठला आहे ते ओळखायचे आणि नेमका खण दाखवायचा. फरक इतकाच की आता नोकराला सांगून भागत नाही. त्या गिऱ्हाइकाबरोबर खणापर्यंत स्वतः चालत जावे लागते, आणि दोन एकर सोळा गुंठ्यांत ते अंतर बरेच असते.